गाळाची घसरगुंडी

माझी नोकरीची मुलाखत पळता पळता झाली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आधी 'जिल्ह्याला जाऊन येतो' म्हटलं की माणूस उस्मानाबादची एसटी धरायचा. आता तेच वाक्य बोलून लोक दोन गल्ल्या ओलांडायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला होता, नळ मात्र कोरडे. लागोपाठ पावसाळे हुलकावणी देऊन गेले होते आणि गावात टँकरचा भोंगा वाजला की घरातलं बोलणं अर्धवट टाकून बायका घागरी घेऊन पळायच्या.

मी अहमदपूरची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरांच्या बरोबरीनं कबड्डी न् खो-खो खेळत वाढले आणि नांदेडला जाऊन शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला. लातूरला मतिमंद मुलांची नवी शाळा निघालीय, तिथं खेळाच्या बाई पाहिजेत, असं कानावर आलं. मतिमंद हा तेव्हाचा शब्द. तोच शाळेच्या पाटीवर होता आणि तोच आमच्या तोंडात.

शाळा भुसार मालाच्या जुन्या गोदामात भरायची. मी दारात पाऊल टाकलं आणि माझ्या काखेखालून एक पोरगा सुसाट बाहेर गेला. दहा-अकरा वर्षांचा, खाकी चड्डी, अनवाणी. त्याच्यामागून एक किडकिडीत, पिकल्या केसांच्या बाई आल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "धरा त्याला."

मी पिशवी तिथंच टाकली, मुलाखतीसाठी मुद्दाम कांजी केलेल्या साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि निघाले.

पोरगं थेट गंजगोलाईत शिरलं. ज्यांनी गोलाई पाहिली नाही त्यांना सांगते. मधोमध देवीचं देऊळ, त्याच्याभोवती गोल बाजार आणि चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे फुटलेले रस्ते. त्यातला एखादा रस्ता त्यानं धरला असता तर तो मला कधी सापडला नसता. पण त्याला गोल आवडला. तो देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखा पळत राहिला आणि त्याच्यामागं मी. भांडेवाला गेला, बांगडीवाला गेला, बंद पडलेली रसवंती गेली, पुन्हा भांडेवाला आला. कुणीतरी चोर-चोर केलं. चोर न्हाई, पोरगंय, असं मी धापा टाकत सांगितलं, तेव्हा हमालांनी पाठीवरची पोती खाली टेकवली आणि निवांत बघत उभे राहिले. पुढच्या फेरीला बांगडीवाल्यानं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या धरला. त्या वर्षी लातुरात अनोळखी माणसाला कुणी पाणी देऊ करणं ही साधी गोष्ट नव्हती. पण थांबायला सवड कुणाला होती?

विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली मी. वाटलं, ह्याला चुटकीसरशी धरीन. पण जितकं जवळ जावं तितका तो वेग वाढवी, आणि मागं वळून बघताना त्याच्या डोळ्यांत निव्वळ भीती दिसे. मग दमले म्हणून म्हणा की डोकं चाललं म्हणून म्हणा, मी त्याच्यामागं धावणं सोडलं. देवळाच्या अंगानं आतून वळसा कापला, त्याच्या शेजारी आले आणि हात न लावता नुसती बरोबरीनं पळायला लागले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. आणि पोरगं खुदकन हसलं.

ती फेरी आम्ही पुरी केली. खरं सांगायचं तर त्यानंतरची एक फेरी निव्वळ हौसेनं मारली. मग मी शाळेच्या रस्त्याला वळले आणि तोही माझ्याबरोबर वळला. माझा अंबाडा सुटला होता, साडीला चिखल नव्हता एवढंच, कारण गावात चिखलच नव्हता.

बाई दारातच उभ्या होत्या. "उद्यापासून या," त्या म्हणाल्या.

प्रमाणपत्रं पिशवीतच राहिली. त्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्या उदगीरकडच्या, बोलता बोलता मधेच कानडीत शिरायच्या. दंगा वाढला की हात वर करून 'साकु!' म्हणायच्या. साकु म्हणजे पुरे. शाळेतल्या ज्या मुलांना एरवी दोन शब्द धड जुळवता येत नव्हते तीही 'साकु' मात्र ठणठणीत म्हणायची.

शाळेत तिसरी बाईमाणूस होती खाला. मुलांची शी-शू, खाणंपिणं, रडणं सगळं तिच्याकडं. जुन्या गावातल्या मुसलमान घरातली, अंगानं भरलेली, आणि हसायला लागली की आधी तिचे खांदे हसायचे, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी आवाज.

पहिल्या दिवशी मी शिट्टी वाजवली. कॉलेजात शिकले होते तशी, कडक. अर्ध्या मुलांनी कानांवर हात ठेवले, दोघं रडली, एक टेबलाखाली गेला आणि माझा गोलाईचा जोडीदार पुन्हा दरवाजाच्या दिशेनं सुटला. 'सावधान' म्हटल्यावर सावधान झाली ती एकटी खाला. शिट्टी मी पदराला बांधली आणि तिथंच राहू दिली.

आता त्या मुलीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं.

ती एका टेलरची मुलगी. बारा वर्षांची, गोल चेहरा, बारीक तिरके डोळे, तळहात लोण्यासारखे मऊ. ती बसायची. जिथं उभं करावं तिथं ती मांडी घालून बसायची आणि एकदा बसली की हलायची नाही. रडणं नाही, रुसणं नाही. उलट आपण ओढायला लागलो की ती प्रेमानं बघायची, जणू आपलंच काहीतरी चुकतंय. तिचे वडील तिला सायकलच्या कॅरिअरवरून आणायचे, उचलून वर्गात ठेवायचे आणि संध्याकाळी उचलून न्यायचे. पायांत दोष काही नव्हता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हिला चालू द्या, पळू द्या, फक्त मानेला जपा, कोलांटी-बिलांटी नको.

मी नाना तऱ्हा करून बघितल्या. गोळी दाखवली, गाणं म्हटलं, शेजारी बसून 'चल उठू' म्हणून स्वतः दहादा उठले. ती कौतुकानं बघत राहिली. खाला लांबून म्हणायची, "बैठी सो बैठी. अब शामतक उठती नई."

त्यातच एक पोरगा गोदामाच्या शहाबादी फरशीवर पडला आणि त्याची हनुवटी फुटली. मोठ्या बाईंनी आतलं पळणं बंद केलं. त्यांचं बरोबर होतं. ह्या मुलांचा तोल लवकर जातो आणि पडताना त्यांना हात पुढं टाकायचं सुचतंच असं नाही. पण मग खेळाच्या बाईंनी करायचं काय? गावातली मैदानं हायस्कूलांची, आणि तिथले गुरुजी आम्हाला बघून म्हणायचे, रविवारी या. रविवारी गेलो तर कुलूप.

खालाची बहीण रोजगार हमीच्या कामावर होती. गावाबाहेरचं तळं पार आटलं होतं आणि सरकारनं त्यातला गाळ उपसायला काढला होता. तळ्यात जागा म्हणाल तर मैलभर आहे, असं खाला म्हणाली. मी एका सकाळी बघून आले आणि येतानाच माझे पाय जमिनीला लागेनात. भरावाच्या आतल्या बाजूला बायकांनी टाकलेल्या गाळाचे उतार तयार झाले होते. काळाभोर, वाळलेला, बोटांतून पिठासारखा निसटणारा गाळ. त्यावर कुणी पडलं तर गादीवर पडल्यासारखं!

मोठ्या बाईंना मनवायला फार वेळ लागला नाही. मी एक लांब सोल, म्हणजे जाड दोर, आणला, त्याला हात-हात अंतरावर गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. ज्याची त्याची चिंधी ठरलेली. लाल चिंधीवाल्यानं लाल धरायची, पिवळीवाल्यानं पिवळी. सगळ्यात पुढं मी आणि माझा पळणारा, सगळ्यात मागं खाला, आणि टेलरची मुलगी हातगाड्यावर. हातगाडा शेजारच्या भाजीवाल्याचा. भाजीच नव्हती, तर गाडा कशाला लागतो, असं म्हणून त्यानं तो आपणहून दिला. अशी आमची वरात रोज सकाळी गावातून निघायची आणि दुकानदार फळ्या उघडता उघडता थांबून बघायचे.

तळ्यावर पहिल्या दिवशी मुकादम आडवा आला. इथं काम चालू आहे, पोरं गाळाच्या पाटीखाली आली तर जबाबदार कोण, असं म्हणायला लागला. मोठ्या बाईंनी त्याला एका बाजूला घेतलं, मराठीत सुरू करून कानडीत संपवलं, आणि तो डोकं खाजवत म्हणाला, त्या टोकाला खेळा, तिकडचं काम झालंय.

मुलांना मोकळं सोडलं. काहीजण जागीच उभी राहिली. एवढी मोकळी जागा त्यांनी कधी बघितली नव्हती. पळणारा सुटला आणि तळ्याच्या मधोमध जाऊन नुसता हात पसरून गरगर फिरत राहिला. ह्या वेळी त्याच्यामागं कुणी गेलं नाही. जाईल कुठं? चहूबाजूंनी भराव होता.

टेलरच्या मुलीला आम्ही भरावावर सावलीत उतरवली. ती बसली. बसली ती नेमकी काठावर, जिथून गाळाचा उतार सुरू होत होता. मी पाठमोरी होते. खालाची किंकाळी ऐकून वळले, तर काठावर मुलगी नव्हती. तिच्याखालचा गाळ सरकला होता आणि ती मांडी घातलेलीच, ताठ मानेनं, एखाद्या देवीची मूर्ती पालखीतून निघावी तशी उतारावरून खाली चालली होती. काळ्या धुळीचा एक ढग तिच्याबरोबर गेला. तळाशी जाऊन ती थांबली.

सगळं काम थांबलं. गाळ उपसणाऱ्या बायकांच्या पाट्या डोक्यावर तशाच. मानेला जपा म्हणाले होते डॉक्टर.

धूळ खाली बसली आणि आतून हसू आलं. आम्ही तिचं हसू तोवर नुसतं पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. घोगरं, मोठं, थांबत थांबत येणारं हसू. तिनं मान वर केली आणि ती कुठून आली ती जागा न्याहाळली. बराच वेळ न्याहाळली. मग दोन्ही हात गाळात रोवले, एक गुडघा टेकला, दुसरा उचलला आणि उभी राहिली.

खाला मदतीला निघाली. मी तिचा हात धरला.

मुलगी चढली. दोन पावलं वर, एक खाली, कधी चवड्यावर, कधी चार पायांवर, नाकाडोळ्यांत गाळ. वर आली, माझ्याकडं बघितलं, मांडी घातली आणि स्वतःला पुढं ढकलून पुन्हा निघाली.

त्यानंतर कुणाला आवरणार? पळणारा आला, तो पोटावर गेला. हनुवटी फुटलेला गेला. एकमेकांचे हात धरून चौघं गेली. मी पदर खोचला आणि गेले, आणि शप्पथ सांगते, विद्यापीठाचं पदक मिळालं तेव्हासुद्धा पोटात असं गुदगुल्यासारखं झालं नव्हतं. खाला गेली तेव्हा तिचे खांदे, पोट आणि आवाज एकदम हसले. शेवटी सगळी मुलं मोठ्या बाईंकडं बघायला लागली. त्या म्हणाल्या, साकु, साकु, आता घरी. मुलं बघतच राहिली. मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं दिला, साडी घोट्यांभोवती घट्ट आवळली आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत पार तळापर्यंत गेल्या. कामावरच्या बायकांनी पाट्या टाकून टाळ्या वाजवल्या.

परत निघताना कळलं की आपण सगळे कोळशासारखे काळे झालो आहोत आणि धुवायला पाणी नाही. शाळेच्या रांजणात पिण्यापुरतं होतं. ओल्या फडक्यानं प्रत्येकाचे डोळे आणि तोंड तेवढं पुसलं आणि मुलं तशीच घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पालकांची रांग. पाणी नसताना हे काय चालवलंय, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं, आणि त्यात चूक काही नव्हतं. सगळ्यात संतापलेले होते टेलर. त्यांच्या मुलीच्या सलवारीला मागून भोकं पडली होती. माझी पोर बसून असते, ती एवढी मळली कशी, कुणी फरफटली तिला, असं ते विचारत होते.

मोठ्या बाईंनी त्यांना समजावलं नाही. फक्त म्हणाल्या, "चला तळ्यावर."

ते आले. सायकल हातात धरून भरावावर उभे राहिले. मुलगी हातगाड्यावरून उतरली, काठावर जाऊन बसली, खाली गेली, उठली आणि चढायला लागली. टेलरांच्या हातातली सायकल आडवी झाली, ते त्यांना कळलंही नाही.

"सोताहून चढली?" त्यांनी मला विचारलं.

"हाव. काल सात-आठ डाव चढली."

त्यांनी चपला काढल्या, उतारावरून धडपडत खाली गेले आणि तळाशी हात पसरून उभे राहिले. ती येऊन त्यांच्या पायांवर आदळली, दोघंही गाळात बसली. त्या आठवड्यात त्यांनी तिच्या सगळ्या सलवारींना मागून पोत्याचं दुहेरी ठिगळ लावलं, आणि मग बाकीच्या मुलांच्या चड्ड्यांनाही. कामाचे कपडे म्हणून दोन जोड वेगळेच ठेवायचे आणि रोज झटकून घालायचे, असं पालकांत आपोआप ठरलं. धुण्याचा प्रश्न मिटला.

तिथून आमचे खेळ निघाले. कॉलेजातले खेळ तेच, पण त्यांचा एकेक टाका उसवून मी ह्या मुलांच्या मापाचे शिवत गेले. चेंडू चिंध्यांचा, आत घुंगरू, म्हणजे तो कुठून येतो ते ऐकू येई. लगोरी डालड्याच्या रिकाम्या डब्यांची, म्हणजे पडली की दणदणीत आवाज व्हायचा. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आधी करून दाखवायची, मग हात धरून करायची, मग हात सोडायचा. आणि रोजचा क्रम तोच, कारण पुढं काय येणार हे माहीत असलं की ह्या मुलांची निम्मी भीती जाते.

खो-खो सगळ्यात जमला. मुलं गोलात पोत्यांवर बसायची. पाठीत थाप मारून खो दिला की काहीजण दचकून रडायची, म्हणून मी नियम केला की खो समोरून द्यायचा आणि मिठी मारून द्यायचा. ज्याला मिठी मिळाली त्यानं उठायचं, गोलाला फेरी मारायची, कशीही, पळत, चालत, रांगत, आणि मग ज्याला वाटेल त्याला मिठी मारून 'खो' म्हणायचं. बाद कुणीच होत नाही. संपवायचं असलं की सगळ्यांनी मिळून 'साकु!' पळणाऱ्याला पळायला शिकवायचं नव्हतं, थांबायला शिकवायचं होतं. मिठी मारायची तर थांबावंच लागतं. तो आधी आदळायचा, मग थांबायला लागला. दुपारच्या भाकरीच्या सुटीत कामावरच्या बायका येऊन गोलात बसायच्या आणि पोरांकडून मिठ्या घेऊन पुन्हा पाट्या उचलायला जायच्या.

मग नांदेडचं बोलावणं आलं. तिथंही अशीच एक शाळा होती, आणि दोन्ही शाळांच्या मुलांचा एक दिवस खेळांचा करायचं ठरलं. पंच म्हणून तिथल्या लोकांनी माझ्या कॉलेजातल्या सरांना बोलावलं होतं. सर म्हणजे पांढरी शुभ्र पँट, इस्त्रीची धार आणि गळ्यात स्टॉपवॉच. खेळ म्हणजे नियम, नियम ढिला झाला की तो खेळ नाही, दंगा, हे त्यांचं वाक्य आम्हाला झोपेतही ऐकू यायचं.

टेलरांनी दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडांचे सदरे शिवले. प्रत्येकाची एक बाही एका रंगाची, दुसरी दुसऱ्या. एसटीत मुलांनी लातूरपासून लोह्यापर्यंत प्रत्येक बाभळीला टाटा केला आणि लोह्यानंतर झोपली.

नांदेडच्या मैदानावर मांडव होता, खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर पाहुणे होते. सकाळची पळण्याची शर्यत झाली. चुन्याच्या रेषा आखल्या होत्या. आमची मुलं रेषा बघून जागीच थबकली, कारण तळ्यात रेषा नसतात. नांदेडची मुलं पळून गेली, बक्षिसं घेऊन आली, आणि आमच्या पळणाऱ्यानं शर्यत संपल्यावर मैदानाला एकट्यानं फेरी मारली. सरांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी खाली मान घातली, पण मला हसू येत होतं.

दुपारी आमचा खो-खो. नियम सरांनीच माइकवर वाचून दाखवले. मिठी मारून खो द्यायचा, ह्या ठिकाणी ते जरा अडखळले. ज्याला खो मिळेल त्याला उठून फेरी मारावीच लागेल, हे मात्र त्यांनी त्यांच्या नेहमीच्या कडक आवाजात वाचलं. दोन्ही शाळांची मुलं एकाच गोलात बसली. नांदेडच्या मुलांना खेळ लगेच कळला, मिठी कुणाला कळत नाही?

फिरत फिरत खो टेलरच्या मुलीला मिळाला. ती उठली. मी बघत होते की ती कुणाकडं जाते. ती गोलाभोवती आपल्या चालीनं निघाली, पाय फाकवून, घाई नाही. एकेका मुलाला ओलांडत गेली. फेरी पुरी झाली तरी थांबेना. मग गोल सोडून ती सरळ मांडवाकडं वळली. सर तिथं स्टॉपवॉच धरून ताठ उभे होते. ती त्यांच्यापुढं गेली, त्यांना नीट बघितलं आणि त्यांच्या पांढऱ्या पँटीभोवती दोन्ही हात घातले.

"खो," ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"सर," मी म्हणाले, "खो बसला."

त्यांनी खाली तिच्याकडं पाहिलं, मग माइककडं, जिथं त्यांनी स्वतःच नियम वाचला होता. स्टॉपवॉच काढून खिशात ठेवलं. आणि माझे सर, आयुष्यात कधी मोठ्यानं न हसलेले सर, पळायला लागले. चांगले पळाले हो, गुडघे वर उचलून! गोलातली मुलं किंचाळायला लागली, आमचा पळणारा राहवेना म्हणून त्यांच्या शेजारी पळू लागला, आणि दोघं बरोबरीनं फेरी मारून आले. मग सर मधोमध थांबून इकडं तिकडं बघायला लागले की खो द्यावा कुणाला. मुलं 'मला, मला' करत होती. ते मोठ्या बाईंपुढं गेले, मिठी मारणं काही त्यांना जमेना, म्हणून हात जोडून वाकले आणि 'खो' म्हणाले. मोठ्या बाईंनी तो मान्य केला आणि पळत फेरी मारून खो दिला तो प्रमुख पाहुण्यांना. पाहुणे फेट्यासकट उठले. त्यापुढचा क्रम मला आठवत नाही. एवढं आठवतं की मांडवातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या, खाला कुणाच्या तरी आजोबांच्या मागं पळत होती, आणि नांदेडची मुलं 'साकु' म्हणायला शिकली होती, पण थांबवण्यासाठी नाही, नुसतं आवडलं म्हणून.

सर धापा टाकत माझ्याशेजारी येऊन बसले. पँटीवर मातीचे दोन तळवे उमटले होते. ते त्यांनी झटकले नाहीत.

"ह्याचा निकाल कसा लावायचा?" त्यांनी विचारलं. अगदी मनापासून.

"मला न्हाई ठाऊक, सर," मी म्हणाले. मग दोघंही बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत निघालो. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थोडा वेळ थांबते. वडिलांनी डेपोतून निरोप दिला असावा, कारण आई फलाटावर धपाट्यांची दुरडी घेऊन उभी होती. माझी ही नोकरी तिला पटलेली नव्हती. असल्या लेकरांत राहून तुझं काय होणार, असं ती दर खेपेला म्हणायची, आणि तिनं त्यातलं एकही लेकरू तोवर बघितलेलं नव्हतं. ती गाडीत चढली, पुढच्या सीटपासून एकेकाच्या हातात धपाटं न् चटणी देत मागं आली. कुणी तोंड भरलेलं असतानाच हसलं, कुणी तिच्या बांगड्या मोजल्यासारख्या फिरवून बघितल्या. टेलरच्या मुलीनं अर्धं धपाटं खाल्लं, शेजारची जागा हातानं थोपटली, आणि आई बसली तशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली.

कंडक्टरनं घंटी दिली. आई उठेना. मी म्हटलं, आई, गाडी निघाली, उतर. खिडकीखाली वडील सायकल धरून उभे होते, तेही हातानं खुणावत होते.

"पोर झोपलीय," आई हळू आवाजात कंडक्टरला म्हणाली. "उठवू कशी? लातूरचं तिकीट फाडा."

गाडी स्टँडातून बाहेर पडली. वडील सायकलवर बसून थोडं अंतर बरोबर आले, काय झालं म्हणून विचारत, आणि मागच्या सगळ्या खिडक्यांतून चटणीनं माखलेले हात त्यांना टाटा करत होते.